कुणीच न केलेले एकतीस फोन

आमच्या बँकेच्या इतिवृत्तात माझा उल्लेख फारसा येत नाही. आला तरी 'संगणक विभागाकडून विलंबाबाबत खुलासा मागवण्यात यावा' अशा वाक्याच्या पोटात येतो. पण २०१२ सालच्या एका सभेत माझं एक विधान अक्षरशः नोंदवलं गेलं: 'फोनवरील आवाजाच्या दर्जाच्या देखरेखीसाठी लाइनची अंदाजे अर्धा टक्का क्षमता खर्च होईल, असे विभागप्रमुखांनी सांगितले.' त्याला सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, अध्यक्षांची सहीही झाली. पुढे जे झालं त्याला मात्र अनुमोदक मिळाला नाही. सूचक मी एकटाच.

आमची बँक सातारा जिल्ह्यातली, सहकारी. मुख्य कार्यालय धरून बत्तीस ठिकाणं. पाटण, म्हसवड, रहिमतपूर, फलटण, महाबळेश्वर, अशी घाटावरची आणि माणदेशातली गावं. प्रत्येक शाखेपासून साताऱ्यापर्यंत दोन मेगाबिटची लीज्ड लाइन. तिच्यावरून कोअर बँकिंग चालायचं आणि तरीही लाइन अर्धीअधिक मोकळी असायची. मोकळी जागा दिसली की तिथे काहीतरी भरायचं ही माणसाची, विशेषतः संचालकाची, मूळ प्रवृत्ती. शाखाशाखांमधले फोन त्याच लाइनवरून नेले तर एसटीडीचं बिल वाचेल, असा प्रस्ताव मी मांडला. आयपी फोन आले. पहिल्याच महिन्यात बिल इतकं उतरलं की शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार करायचं घाटत होतं. शाल आणलीही होती. नारळ राहिला. तो शालीशिवायच द्यावा की काय, असा विचार पुढे बरेच दिवस चालू होता, असं माझ्या कानावर आहे.

कारण तक्रारी. 'आवाज तुटतो.' 'मध्येच गायब होतो.' 'समोरचा विहिरीतून बोलतो.' पाटणचे शाखाधिकारी तर थेट जनरल मॅनेजरांकडे गेले. म्हणाले, "साहेब, मी मेढ्याला सांगितलं, त्या पार्टीचं कर्ज मंजूर करू नका. तिकडे 'मंजूर करू' एवढंच पोचलं."

या तक्रारीत मला जरा अतिशयोक्ती वाटली. आयपी फोनमध्ये आवाजाचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे होतात आणि एकेक तुकडा एकेका पॅकेटमधून जातो. 'नका' म्हणायला साधारण तीनशे मिलिसेकंद लागतात, म्हणजे पंधरा पॅकेटं. इतक्या वाक्यातली नेमकी तीच पंधरा सलग हरवावीत, हे मला जमून आल्यासारखं वाटलं. मी तसं सभेत म्हणालोही. त्यावर मेढ्याच्या शाखाधिकाऱ्यांनी 'हो, हो, अगदी तीच हरवली' असं इतक्या तत्परतेने सांगितलं की विषय तिथेच संपला.

आमचे जनरल मॅनेजर मुळात ऑडिटमधले. त्यांचा तोंडी गोष्टींवर विश्वास नाही. म्हणाले, "आवाज चांगला, आवाज वाईट, हे मला शब्दांत नको. आकड्यात द्या. रोज द्या."

आकडा असतो. त्याला एमओएस म्हणतात. एक ते पाच असे गुण. पूर्वी त्यासाठी खरोखर माणसं शांत खोलीत बसवून, आवाज ऐकवून गुण द्यायला लावत आणि त्यांची सरासरी काढत. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने त्या परीक्षेची पद्धत 'पी.८००' या शिफारशीत घालून दिली आहे. रोज बत्तीस ठिकाणी माणसं बसवणं शक्य नाही, म्हणून त्याच संघटनेचं 'जी.१०७' नावाचं गणित वापरतात. किती पॅकेटं हरवली, किती उशीर झाला, कोणत्या पद्धतीने आवाजाचे आकडे केले, हे त्यात घातलं की शंभरपैकी एक गुणांक येतो आणि त्यावरून पाचपैकी गुण निघतात. साध्या टेलिफोनी आवाजात सगळं आदर्श असेल तर तो गुणांक ९३.२ येतो, म्हणजे पाचपैकी सुमारे ४.४.

"का?" जनरल मॅनेजर म्हणाले. "लाइन नवी, फोन नवे, आणि पाचपैकी ४.४? उरलेले गेले कुठे?"

मी सांगितलं की टेलिफोनवर माणसाचा सगळा आवाज जातच नाही. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो; शिवाय ऐकणारे सगळेच कधी पाचपैकी पाच देत नाहीत, म्हणून पैकीच्या पैकी मिळत नाहीत. त्यांनी मला हे लेखी द्यायला सांगितलं. सलग कित्येक वर्षं ऑडिटमध्ये 'अ' वर्ग मिळवणाऱ्या माणसाला जन्मजात सहा दशांश तूट मान्य होणं अवघड असतं. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "हे सगळं मोजायला लाइनचा किती भाग खर्च होईल?"

माणसाला एखादा प्रश्न पुरेपूर येत असला की तो फार धोकादायक होतो. मी फळ्याकडे गेलो.

फोनमध्ये आवाज जी.७११ पद्धतीने जातो, हे प्रमाण १९७२ सालचं. सेकंदाला आठ हजार नमुने, दर नमुन्याला आठ बिट, झाले चौसष्ट हजार. वीस मिलिसेकंदांच्या एका तुकड्यात १६० बाइट आवाज. त्यावर आरटीपीचे १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० असे ४० बाइट मथळ्यांचे. एकूण दोनशे. सेकंदाला अशी पन्नास पॅकेटं, म्हणजे चौसष्टचे झाले ऐंशी किलोबिट. (बोलण्याच्या एक चतुर्थांश खर्च नुसत्या पत्त्याचा! संचालकांपैकी एकाने इथे 'अरेरे' म्हटलं. सहकारात काटकसरीचे संस्कार खोल असतात.)

आता देखरेख. आवाजाच्या पॅकेटांबरोबरच दोन्ही फोन एकमेकांना अधूनमधून छोटं टिपण पाठवतात: इतकी पोचली, इतकी हरवली, इतकी धडपडत आली. त्याला आरटीसीपी म्हणतात. १९९६ पासून ते नियमात आहे आणि २००३ साली तो नियम सुधारून घेतला गेला. नियम असा की ही टिपणं मिळून बोलण्याच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त जागा खाऊ नयेत, आणि साधारण पाच सेकंदांतून एकदाच जावीत. दोघांच्याच बोलण्यात पाच टक्के गाठलेच जात नाहीत. आवाजाच्या दर्जाचा सविस्तर तपशील जोडला, मथळे धरले, तरी टिपण दीडशे बाइटच्या आसपास. पाच सेकंदांत दीडशे बाइट म्हणजे सेकंदाला २४० बिट. ऐंशी हजारांशी त्याचं प्रमाण शेकडा ०.३. फोन ठेवल्यावर शेवटी एक गोषवारा जातो, तो फार तर एक-दीड किलोबाइट. मी बँकेतला माणूस, वर थोडी तरतूद ठेवून अर्धा टक्का सांगितला.

हा हिशेब बरोबर होता. आजही बरोबर आहे. कुणीही तपासून घ्यावा. फक्त मी ज्या देखरेखीचा हिशेब केला, ती मी लावली नाही.

का नाही लावली? खरं कारण सांगायचं तर ती फार सोपी होती. फोनच्या सेटिंगमध्ये एका चौकोनात टिक करायची आणि टिपणं गोळा करणारा एक संगणक ठेवायचा. एवढ्यासाठी विभागप्रमुख कशाला हवा? शिवाय ती टिपणं कुणी बोललं तरच येतात. सकाळी सात वाजता म्हसवड ते महाबळेश्वर आवाज कसा आहे, असं जनरल मॅनेजरांनी विचारलं तर? त्या वेळी त्या दोन शाखांत कुणीच नसतं, हा मुद्दा तेव्हा माझ्या मनात आला नाही.

आमच्या राउटरांमध्ये एक दुसरीच सोय होती. राउटरच राउटरला खोटा फोन करतो. आवाज नसतो, पण आवाजाच्या मापाची, आवाजाच्याच वेगाने जाणारी पॅकेटं असतात. समोरचा राउटर ती परत पाठवतो आणि दोन्ही दिशांचा दर्जा निघतो. न बदलता जशी येते तशी मांडणी ठेवली तर एका वेळी एक हजार पॅकेटं, वीस मिलिसेकंदांच्या अंतराने, आणि दर मिनिटाला एकदा. मी न बदलता ठेवली. कारखान्याने विचार करूनच दिलं असणार, या विश्वासावर मी आजवर मिक्सरपासून मोटारसायकलपर्यंत सगळं वापरत आलो आहे.

मग मी एक्सेलमध्ये बत्तीस ओळी आणि बत्तीस रकाने मांडले. प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणी. चारशे शहाण्णव जोड्या. आज्ञा तयार करणारं सूत्रही मी एक्सेलमध्येच लिहिलं आणि त्याचा मला इतका अभिमान वाटला की घरी जाऊन बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "पाटणवाल्यांचं म्हसवडवाल्यांशी काय काम असतं?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." हे वाक्य माझ्याकडून ज्या ज्या वेळी उच्चारलं गेलं आहे, त्या प्रत्येक वेळेचा इतिहास तिला तोंडपाठ आहे.

आणखी एक गोष्ट मी केली, निव्वळ शिस्तीपोटी. सगळ्या राउटरांची घड्याळं एकमेकांशी जुळवली आणि सगळ्या चाचण्या बरोबर आठ वाजून शून्य मिनिटं शून्य सेकंदांनी सुरू होतील अशी व्यवस्था केली. संचलनात सगळ्यांचा डावा पाय एकदम पडावा, ही माझी शाळेपासूनची आवड.

भिंतीवर मोठा टीव्ही लावला. त्यावर बत्तीस बाय बत्तीसचा तक्ता. अध्यक्षांनी फीत कापली. टीव्ही लागला तेव्हा सगळे चौकोन हिरवे होते. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आत सगळे लाल झाले. अध्यक्षांनी कात्री हातातच धरून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पुन्हा हिरवे झाले. मी म्हणालो, "पाहिलंत? लाइन किती बेभरवशाची आहे ते आता उघडं पडलं."

आणि खरंच पडलं. रोज पडायला लागलं. एमओएस कधी ४.३, कधी दोनाच्या आसपास, दिवसातून शेकडो वेळा. माझ्याकडे आता आकडे होते. आकडे हातात आलेला माणूस पत्रं लिहितो. लाइन देणाऱ्या कंपनीला मी जी पत्रं लिहिली त्यांतली भाषा पुढे आमच्या वसुली विभागाने नमुना म्हणून मागून घेतली.

दरम्यान शाखांची परिस्थिती अशी होती की पूर्वी आवाज कधीतरी तुटायचा, आता नियमाने तुटू लागला. हे प्रथम लक्षात आलं ते फलटणच्या कॅशियरच्या. तो म्हणाला, "साहेब, घड्याळात बघून सांगतो. चाळीस सेकंद एकदम क्लिअर. मग वीस सेकंद भुताटकी. परत चाळीस सेकंद क्लिअर." हळूहळू सगळ्या जिल्ह्यात ही वार्ता पसरली. लोक घड्याळाकडे बघून बोलू लागले. 'नमस्कार, कसे आहात' वगैरे भाग पहिल्या वीस सेकंदांत उरकायचा, तो ऐकू आला नाही तरी चालतो, आणि काटा चारवर आला की कामाचं बोलायचं. काटा बाराला पोचला की दोघांनी मुकाट बसायचं. आमच्या बँकेत फोनवर इतकं मुद्देसूद बोलणं त्याआधी आणि त्यानंतर कधी झालं नाही.

रहिमतपूरला मात्र गंमत राहिली नाही. हंगाम चालू होता, कारखान्याचं ऊसबिल खात्यांवर जमा झालं होतं, आणि काउंटरपासून रस्त्यापर्यंत रांग होती. दर मिनिटाला वीस सेकंद कोअर बँकिंगचा पडदा गोठायचा. पैसे काढण्याची नोंद अर्ध्यात अडकायची, व्यवहार रद्द व्हायचा, पुन्हा पहिल्यापासून. शाखाधिकाऱ्यांनी मला फोन केला. त्यांचं बोलणं मला तुटक ऐकू आलं आणि ते तसं ऐकू आलं हे त्या दिवशीचं माझं एकमेव सुख.

रात्री वेगळाच प्रकार. चाचण्या रात्री चालूच असत. काही शाखांत शिपाई जाताना मेन स्विच बंद करतो, ही पिढ्यांची शिस्त. राउटर बंद, चाचणी नापास, आणि मी मोठ्या हौसेने लावलेली एसएमएसची सोय जागी. एके रात्री तीन वाजता माझा मोबाइल वाजला. जनरल मॅनेजर होते.

"मला मेसेज आलाय. पाटण ते म्हसवड आवाजाचा दर्जा शून्य."

"हो साहेब, बघतो."

"बघू नका. मला एवढंच सांगा, रात्री तीन वाजता पाटणला म्हसवडशी काय बोलायचंय?"

माझ्या बायकोने कूस बदलली. ती जागी होती, हे मला तिच्या न बोलण्यावरून कळलं.

लाइनवाल्या कंपनीने शेवटी एक तरुण इंजिनीअर पाठवला. पोरगा पंचविशीचा असेल, खांद्याला बॅग, बोलायला नम्र. त्याने माझी पत्रं वाचली, चहा घेतला, आणि लॅपटॉपवर फलटणच्या लाइनचा आलेख उघडला. मध्यरात्रीचा. दर मिनिटाला एक उभा खांब, वीस सेकंद रुंद, दोन मेगाबिटपर्यंत पोचलेला आणि वर छाटल्यासारखा सपाट. मग चाळीस सेकंद मैदान. मग पुन्हा खांब.

"सर," तो म्हणाला, "रात्री दोन वाजता तुमच्या फलटण शाखेत एकतीस लोक एकदम फोनवर असतात. ते कोण?"

तक्ता भिंतीवर लाल झाला होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

हिशेब त्या पोराने माझ्याच फळ्यावर मांडला. एका शाखेच्या एकतीस जोड्या. प्रत्येकीचे ऐंशी किलोबिट. एकतीस गुणिले ऐंशी, दोन हजार चारशे ऐंशी. लाइन दोन हजारांची. म्हणजे पाचातलं जवळजवळ एक पॅकेट फेकलं जाणार. फोनच्या पॅकेटांना सगळ्यात आधी वाट द्या, हे मीच राउटरला सांगून ठेवलेलं. फोन दोन-तीनच असणार म्हणून त्या वाटेला मर्यादा घातली नव्हती. खोट्या फोनांनाही मी खऱ्याचाच शिक्का मारला होता, नाहीतर चाचणी खरी कशी? त्यामुळे ते वीस सेकंद कोअर बँकिंगच्या वाट्याला काहीच उरत नव्हतं, आणि खरे दोन फोन एकतीस खोट्यांच्या गर्दीत चेंगरत होते. चाचण्या पाळीपाळीने लावल्या असत्या तरी सरासरी आठशे पंचवीसच्या आसपास किलोबिट गेलेच असते. दिवसाला एका शाखेकडून एका दिशेने जवळजवळ नऊ जीबीची मागणी. त्याने अर्धा टक्का शब्द उच्चारला नाही. त्याने इतिवृत्त वाचलं नव्हतं. जनरल मॅनेजरांनी वाचलं होतं.

"अर्धा नव्हे, एक्केचाळीस टक्के," ते म्हणाले. ऑडिटमधल्या माणसाला भागाकार तोंडी येतो.

या सगळ्यात आमच्या टेलिफोनवाल्या काकूंचा उल्लेख राहिला. जुन्या ईपीएबीएक्सच्या खोलीत त्या बसायच्या. आयपी फोन आल्यावर त्यांना स्वागतकक्षात हलवलं होतं, पण त्यांच्याबरोबर त्यांची ट्रंक कॉलची रजिस्टरंही गेली होती. कुणी, कुठे, किती वाजता, किती मिनिटं. निळ्या शाईत, वर्षानुवर्षांची. मी लाइनचा अंदाज बांधताना ती मागितली नव्हती. मागायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो साहेब, मला वाटलंच होतं याल. बसा."

रजिस्टरातून निघालं ते असं: शाखेची सगळ्यात गर्दीची वेळ अकरा ते बारा. त्या तासात बाराएक कॉल, सरासरी अडीच मिनिटं. तीस मिनिटांचं बोलणं.

या मोजणीचं एकक आहे, एरलांग. एक लाइन तासभर सलग व्यापली तर एक एरलांग. आग्नर क्रारूप एरलांग हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीतले गणिती. कॉल कसे येतात याचं गणित त्यांनी १९०९ साली मांडलं आणि किती लाइनी ठेवल्या तर किती लोक अडकतील याचं सूत्र १९१७ साली. गृहस्थ नुसते टेबलावर बसणारे नव्हते. केबलींची मोजमापं घ्यायला ते स्वतः रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरत, बरोबर शिडी घेतलेला कामगार असे, आणि ही जोडी कोपनहेगनमध्ये लोकांच्या ओळखीची होती. १९४६ मध्ये त्यांचं नाव एककाला मिळालं. त्यांच्या सूत्रात आमची शाखा घातली: अर्धा एरलांग. तीन फोनांची जागा ठेवली तर शंभरातला एखाद-दुसरा अडतो, चार ठेवली तर हजारातले दोनही नाहीत. म्हणजे मुळात एवढंच लागत होतं. चार गुणिले ऐंशी, तीनशे वीस किलोबिट, आणि लाइनीचा बाकी सगळा भाग मोकळा.

आणि माझे खोटे फोन? एकतीस जोड्या, मिनिटातले वीस सेकंद. सव्वादहा एरलांग. बोलणाऱ्या माणसांचा अर्धा आणि कुणीच न बोलण्याचे सव्वादहा.

मी काकूंना हे समजावून सांगितलं. त्यांनी रजिस्टर मिटलं. "म्हणजे बघा, 'जेवण कसं झालंय' हे विचारायला यजमानांनी माणसं पाठवली, आणि तीच पंगतीत पाट अडवून बसली. पाहुणे उभे."

याहून चांगलं मला सभेतही सांगता आलं नसतं. सांगितलंही नाही, कारण त्या सभेत मला बोलायची वेळ फारशी दिली गेली नाही.

जाळं काढून टाकलं. प्रत्येक शाखा फक्त मुख्य कार्यालयाशी, पंधरा मिनिटांतून एकदा, दहा सेकंद, आणि सगळ्यांची पाळी वेगळी. सरासरी एक किलोबिटही नाही. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण अपमान झालेला तंत्रज्ञ दुसऱ्या टोकाला जातो. मी ठरवलं, खोटं काही नको, खरेच फोन तपासायचे. शाखेतल्या स्विचवर आवाजाच्या पॅकेटांची नक्कल काढायची आणि ती साताऱ्याला आणून इथे दर्जा मोजायचा. एका शाखेत लावून पाहिलं. शाखेकडून बोलण्याचे ऐंशी किलोबिट निघत होतेच. आता त्यांची नक्कल ऐंशी, आणि समोरून आलेल्याचीही नक्कल ऐंशी, तीही त्याच लाइनवरून परत. एका फोनाला तीन फोनांचा खर्च. मी हे अजून वहीत मांडत होतो, तेवढ्यात काकू सहज म्हणाल्या, "म्हणजे आता शाखेतलं सगळं बोलणं तुमच्या कॉम्प्युटरवर येतं? संचालकांचंसुद्धा?"

हे वाक्य जनरल मॅनेजरांच्या केबिनपर्यंत कसं पोचलं, मला माहीत नाही. नक्कल दुपारच्या जेवणाआधी बंद झाली. बँडविड्थचा मुद्दा कुणी काढलासुद्धा नाही.

मग शेवटी मी फोनच्या सेटिंगमधल्या चौकोनात टिक केली.

टिपणं यायला लागली. खर्च पाव-अर्ध्या टक्क्याच्या आतच राहिला, इतिवृत्तातल्यासारखा. आणि पहिल्याच आठवड्यात मूळ दुखणंही सापडलं. रोज सकाळी साडेदहाला सगळ्या शाखांत एकदम पॅकेटं धडपडायची. साडेदहाला मुख्य कार्यालयातून सगळ्या संगणकांना अँटिव्हायरसचं अपडेट जात होतं, आणि त्याच वेळी शाखाधिकारी दिवसाचे पहिले फोन करत होते. ते वेळापत्रक कोणाच्या विभागाने लावलं होतं, हे कृपया विचारू नये. ते रात्रीवर ढकललं. आवाज सुधारला. मेढ्याला 'नका' व्यवस्थित पोचू लागलं, त्यामुळे तिकडच्या एकदोन कर्जदारांची गैरसोय झाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्या टिपणांत आणखी रकाने असतात: आवाजाची पातळी, प्रतिध्वनी, पार्श्वभूमीचा गोंगाट. मी गोंगाटाचा रकाना उघडला. पाटण, १२७. फलटण, १२७. रहिमतपूर, १२७. मी इंटरनेटवर शोधलं. जेट विमानाजवळ उभं राहिलं तर साधारण एवढा आवाज असतो. पाटणला एसटी स्टँड जवळ आहे हे मला ठाऊक होतं, पण एवढं? मी लगेच परिपत्रक काढलं. 'तपासणीत शाखांमधील गोंगाटाची पातळी १२७ इतकी आढळून आली आहे. ही बाब गंभीर आहे. शाखाधिकाऱ्यांनी फोनवरील संभाषणाच्या वेळी शांतता राखावी व केलेल्या उपाययोजनांचा अहवाल सात दिवसांत सादर करावा.' जनरल मॅनेजरांनी आकडा पाहून सही केली.

अहवाल आले. रहिमतपूरने पिठाच्या गिरणीवाल्याला नोटीस दिली होती. फलटणने 'शांतता राखा' असे फलक रंगवून घेतले आणि बिल जोडलं. पाटणने विचारलं, शाखेखालच्या बँडपथकाने सराव कुठे करावा?

त्या सुमाराला मी फोनचं माहितीपुस्तक प्रथमच सलग वाचलं. या टिपणांचा नमुना ठरवणारा नियम नोव्हेंबर २००३ चा आहे आणि त्यात स्वच्छ लिहिलं आहे: ज्या गोष्टीचं मोजमाप फोनला करता येत नाही, त्या रकान्यात १२७ लिहावं. आमचे फोन स्वस्तातले. त्यांना गोंगाट मोजता येतच नव्हता, आणि ते बत्तीस ठिकाणांहून, पाच-पाच सेकंदांनी, प्रामाणिकपणे तेवढंच सांगत होते.

परिपत्रक मागे घेण्याचा मसुदा मी लिहायला घेतला, त्याच दिवशी महाबळेश्वरचा अहवाल टपालाने आला. तिकडे जुलैतला पाऊस होता. 'आपल्या परिपत्रकास अनुसरून कळवण्यात येते की, सध्या येथे ग्राहक नाहीत. शाखेत मी व शिपाई असे दोघेच असतो. गेल्या महिन्यात रजेवरून झालेल्या वादानंतर आम्ही एकमेकांशी बोलत नाही. तरीही गोंगाट १२७ असल्यास तो आणखी कमी कसा करावा, याबाबत मार्गदर्शन व्हावे.'